सैल दोरी

दोरी सैल पडली की समजायचं, मासा लागला.

हे मला पहिल्यांदा सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला नाही. मासा लागला की दोरी ताणते, हात ओढला जातो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तर मालवणात वाढलेला, खाडीवरच्या पुलावर बसून शेंगाळे गरवलेला माणूस. मला कोणी उलटं शिकवावं? या ऐटीपायी पहिल्या दिवशी मी अकरा मासे घालवले. मोजले शेजाऱ्यांनी. मी मोजायच्या मनःस्थितीत नव्हतो.

शेजारी म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, आमच्या बीव्हर्टनच्या घराला लागून राहणारे निवृत्त गृहस्थ. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं, आणि गॅरेजमध्ये गाडीच्या जागी सोळा फुटांची ॲल्युमिनियमची बोट. एका जूनमध्ये कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "शनिवारी कोकनी पकडायला येतोस का?" क्षणभर मला वाटलं, रत्नागिरीकडचा कोणी माणूस गुन्हा करून पळालाय.

कोकनी हा साल्मनच्या कुळातला मासा. सॉकाय नावाचा जो साल्मन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो, त्याचाच हा गोड्या पाण्यात राहून गेलेला भाऊ. सगळं आयुष्य तळ्यात काढायचं, तळ्यातच वाढायचं, आणि साधारण चौथ्या वर्षी ओढ्यात शिरून, लालभडक होऊन, अंडी घालून मरायचं. नाव उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या सेलिश भाषांमधून आलेलं. अर्थ लाल मासा. आपल्या कोकणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे सगळं मी आईला व्हिडिओ कॉलवर नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोकणी मां? मगे तो आपलोच."

आम्ही जातो ते ओडेल तळं ओरेगनच्या कॅस्केड डोंगरांत, विलॅमेट खिंडीच्या जरा खाली आहे. समुद्रसपाटीपासून जवळजवळ ४,८०० फुटांवर. हिमनदीने कोरलेलं, लांबट, सहा मैलांच्या आसपास पसरलेलं, आणि सर्वात खोल जागी सुमारे २८० फूट. घरून तीन तासांचा रस्ता, म्हणून रात्री दोनला निघायचं. पहाटे पोचलं की पाणी काळं आणि गुळगुळीत असतं. पलीकडच्या काठाने युनियन पॅसिफिकची मालगाडी जाते ती संपता संपत नाही. डबे मोजायचा नाद मी दोनदा करून सोडून दिला. दुपारी मात्र या तळ्याचा काही भरवसा नाही. वारा खिंडीतून सरळ तळ्याच्या लांबीत घुसतो आणि तासाभरात लाटांना पांढरे शेंडे येतात. शेजारी दीड वाजता घड्याळ बघतात, मासे लागत असोत वा नसोत, काठ्या गुंडाळायला लावतात. या बाबतीत मी कधी वाद घालत नाही. खाडीच्या मुखाशी उलटलेल्या होड्या लहानपणी पाहिल्या आहेत.

बहुतेक लोक कोकनीसाठी ट्रोलिंग करतात. म्हणजे बोट हळूहळू चालू ठेवायची आणि मागे चकाकते पत्रे आणि गळ ओढत न्यायचे. त्यात मासा स्वतःच स्वतःला अडकवून घेतो. माणसाने चहा प्यावा, गप्पा माराव्यात. शेजाऱ्यांना त्याचा तिटकारा आहे. ते जिगिंगवाले. बोट एका जागी उभी करायची, धातूचा एक तुकडा, म्हणजे जिग, सरळ खाली सोडायचा आणि माशाच्या नजरेसमोर त्याला वर-खाली नाचवायचं. ऐकायला पाच मिनिटांत येईल असं वाटतं. मला तीन उन्हाळे लागले.

पहिलं काम मासे शोधायचं. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी थरांनी बसतं: वर कोमट, खाली गार, आणि मधे एक पातळ पट्टा जिथे तापमान झपकन उतरतं. कोकनीला दहा-बारा अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं, म्हणून तो त्या पट्ट्याच्या आसपास थवे करून तरंगत असतो. तळाशी नाही, वरही नाही, अधांतरी. आंधळेपणाने गळ टाकणाऱ्याला तो सापडायचा नाही. बोटीवरच्या फिश फाइंडरच्या पडद्यावर तो थवा मळकट ढगासारखा दिसतो. ओडेलमध्ये जुलैच्या सकाळी हा ढग बहुधा साठ-सत्तर फुटांवर असतो. साठ फूट म्हणजे आमच्याकडच्या हिशेबात दहा वाव पाणी. मी अजूनही मनात वावच मोजतो. रिळापासून पहिल्या कडीपर्यंतची दोरी हाताने ओढून सोडायची, एका ओढीला दोन फूट, तीस ओढी झाल्या की थांबायचं. शेजाऱ्यांच्या दोरीवर दर दहा फुटांना रंग बदलतो, त्यांना मोजावं लागत नाही. मला मोजायला आवडतं.

आणि थांबायचं ते थव्याच्या वर. हे दुसरं उलटं शिक्षण. मी सवयीने गळ खाली, आणखी खाली सोडायचो. आमच्या खाडीत मासा तळाशी. शिसं चिखलात किंवा खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर, टेकल्याचं बोटाला कळलं की हातभर वर घ्यायचं, झालं. कोकनी खालचं दिसतच नसल्यासारखा वागतो. तो वर बघणारा मासा. त्याचं खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे डॅफ्निया नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे जीव; वरून येणाऱ्या उजेडात तो ते टिपतो आणि कल्ल्यांतल्या बारीक कंगव्यासारख्या दात्यांनी गाळून घेतो. थव्याच्या पोटाखाली गेलेला गळ त्याच्या लेखी नसतोच. चार फूट वर ठेवा, मग बघा.

खरंच बघता येतं. जिग थेट बोटीखाली असला की तोही पडद्यावर उमटतो. एक तिरकी रेघ खाली उतरते, ठरलेल्या जागी आडवी होते, आणि आपण काठी हलवली की तिला नागमोडी वळणं पडतात. मग कधीतरी खालच्या ढगातून एक बारीक रेघ सुटी होऊन वर यायला लागते. आपल्या रेघेकडे. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिलो आणि काठी हलवायचीच विसरलो. रेघ आली तशी परत गेली.

जिग म्हणजे काय, तर बोटभर लांबीचा, चपटा, ठोकून पैलू पाडलेला धातूचा तुकडा. पंधरा ग्रॅमच्या आसपास वजन, एक बाजू रुपेरी, एक बाजू भडक गुलाबी, खाली एक छोटा गळ. गुलाबी रंग दुकानात छान दिसतो. दहा वाव पाण्यात लाल छटा सगळ्यात आधी विझतात, गुलाबीचा करडा होतो. म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडात आम्ही अंधारात चमकणारा रंग लावलेला जिग घेतो आणि सोडण्याआधी त्याच्यावर विजेरी धरतो. तळहातावर हिरवट काजवा पेटल्यासारखा दिसतो.

सगळी करामत या तुकड्याच्या पडण्यात आहे. नाचवतो म्हटलं की लोकांचं लक्ष वर उचलण्याकडे जातं. माझंही जायचं. मी जोरात हिसका द्यायचो, काठी डोक्यावर, जिग सरळ चार फूट वर आणि तसाच दगडासारखा खाली. शेजारी काही बोलले नाहीत. त्यांनी आपला जिग बोटीच्या कडेला पाण्यात हातभर खाली सोडून दाखवला. काठीचं टोक त्यांनी फूटभरच उचललं आणि मग सावकाश खाली नेलं. तुकडा आडवा होऊन, कधी या कुशीवर कधी त्या कुशीवर कलंडत, लुकलुकत उतरला. वारा नसताना पिंपळाचं पान उतरतं तसा. "मासा हे बघायला येतो," ते म्हणाले. "उचलणं फक्त एवढ्यासाठी की पुन्हा पाडता यावं."

पाडताना दोरी पार सोडून दिली तर खाली काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. ताणून धरली तर तुकडा पानासारखा पडत नाही, लंबकासारखा सरळ येतो. या दोन्हींच्या मधे कुठेतरी हात ठेवावा लागतो. दोरी जिगच्या मागून गेली पाहिजे, त्याला धरून नाही. लहान मुलाला सायकल शिकवताना आपण मागची सीट जशी धरतो आणि धरत नाही, तसं काहीतरी. हे मला कोणी शब्दांत सांगितलं असतं तर कळलं नसतं, आणि आता मी शब्दांत सांगतोय हेही फारसं उपयोगाचं नाही.

मग ती सैल दोरी. जिगच्या वजनाने काठीचं शेंड्याकडचं टोक कायम एवढंसं वाकलेलं असतं. कोकनी बहुतेकदा जिग पडत असतानाच तोंडात घेतो, कधी खालून घेऊन तसाच वर येतो. म्हणजे वजन त्याने उचललेलं असतं. झटका नाही, ओढ नाही. वाकलेलं टोक सरळ होतं, बस्स. ठरलेल्या जागी पोचायच्या आधीच दोरी कुठेतरी टेकल्यासारखी ढिली पडते. दहा वाव पाण्यात मधल्यामधे टेकायला काय आहे? मासाच आहे. पण हे कळायला अर्धा क्षण मिळतो, कारण तोंडात घेतलेली वस्तू खायची नाही हे त्यालाही तेवढ्यातच कळतं. माझे अकरा मासे या अर्ध्या क्षणात गेले. त्यांतले सात मला लागलेच नाहीत असं मी समजत होतो. उरलेले चार लागले, आणि मी शेंगाळ्याला द्यावा तसा झटका दिला.

कोकनीचे ओठ ओल्या टिपकागदासारखे असतात. हा अतिशयोक्तीचा भाग नाही; हातात घेऊन बघितलं तर ओठाच्या पडद्यातून पलीकडचं बोट अंधुक दिसतं. झटका दिला की गळ तो पडदा फाडून बाहेर. म्हणून काठी लवचिक, रिळाचा ब्रेक ढिला, आणि दोरी सैल पडली की नुसतं टोक उचलून गुंडाळायला लागायचं. मासा वर आला की तो वेड्यासारखा गिरक्या घेतो, पाण्याबाहेर उड्या मारतो. या माशांची लांबी ती काय, बहुतेक दीड वीत. कोकनीचा विक्रम ओरेगनच्याच वॉलोवा तळ्यात २०१० साली झाला, चार किलोच्या वर, तो अपवाद. पण त्या दीड वितीच्या माशाला उचलून बोटीत घ्यायचा प्रयत्न केलात तर ओठ हातात आणि मासा पाण्यात. जाळी खाली धरायची आणि त्याला तिच्यावर आणायचं.

गळाला आमिष म्हणून मक्याचा एक दाणा. डॅफ्निया खाणाऱ्याला मका कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. शूपेग नावाचा बारीक लांबट पांढरा मका डब्यात मिळतो. तो लसूण आणि टूना माशाच्या तेलात रात्रभर मुरवायचा. त्या बरणीला आमच्या फ्रिजमध्ये प्रवेश नाही, ती गॅरेजात असते. एकच दाणा, टोकाला हलकेच ओवलेला. दोन लावले की जिगचं पान होत नाही, गाठोडं होतं. मासा तो पोटासाठी घेत नाही असं शेजाऱ्यांचं मत. आपण जेवताना माशी वारतो तसा तो तोंडासमोर नाचणारा तुकडा वारतो. हात नाहीत, म्हणून तोंडाने.

पहाटे तासभर मासे वर विखुरलेले असतात, कारण रात्री डॅफ्निया वर येतात आणि त्यांच्यामागून हेही. ऊन चढलं की ढग पुन्हा गोळा होऊन खाली सरकतो. मग आपणही पाच फूट, दहा फूट खाली. या तळ्यात सगळंच दिवसातून एकदा वर येतं आणि एकदा खाली जातं.

आणि याच वर-खालीने एका मोठ्या तळ्याचा घात केला, ती गोष्ट मला शेजाऱ्यांनी डायमंड पीक या शिखरावर उजेड पडत असताना सांगितली. नंतर मी ती वाचूनही काढली. मोंटानातल्या फ्लॅटहेड तळ्यात १९१६ साली कोकनी सोडले होते. ते इतके माजले की पुढे दर शरदात लाखभर मासे ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या मॅकडोनल्ड ओढ्यात अंडी घालायला शिरत. ते खायला गरुड जमत. १९८१ साली एका वेळी सहाशेच्या वर टकले गरुड मोजले गेले. बघायला माणसांच्या रांगा लागत. आता या माशांना आणखी पुष्ट करावं म्हणून वरच्या अंगाच्या काही तळ्यांमध्ये १९६८ पासून पुढच्या सात-आठ वर्षांत मायसिस नावाची बारीक कोळंबी सोडण्यात आली. आपल्याकडच्या जवळ्याच्या जातकुळीतली वाटावी अशी. कॅनडातल्या कूटनी तळ्यात १९४९ साली हाच प्रयोग झाला होता आणि तिथल्या एका फाट्यात कोकनी चांगले गलेलठ्ठ झाले होते. पण तिथे पाण्याचा प्रवाह त्या कोळंबीला उथळ पाण्यात वर आणून टाकत असे. बाकी तळ्यांत ती दिवसा तळाशी जाऊन बसते आणि रात्री वर येते. कोकनी डोळ्यांनी टिपणारा, दिवसा खाणारा. दोघांची गाठच पडत नाही. उलट ही कोळंबी रात्री वर येऊन डॅफ्निया फस्त करते, म्हणजे ज्याला खाऊ घालायला आणली त्याच्याच ताटातलं खाते. आणि तळाशी दबा धरून असलेल्या लेक ट्राउट या शिकारी माशाच्या पिल्लांना ती आयतीच मिळते. वाहत ती फ्लॅटहेडमध्ये पोचली. लेक ट्राउट वाढले, त्यांनी उरलेले कोकनी खाल्ले. मॅकडोनल्ड ओढ्यात १९८५ साली लाखाच्या वर मासे आले होते; १९८९ साली पन्नास. गरुड दुसरीकडे निघून गेले.

गोष्ट सांगताना शेजाऱ्यांनी जिग एकदाही थांबवला नव्हता. फूटभर वर, सावकाश खाली. "कोळंबी वाईट नव्हती," एवढंच म्हणाले. ओडेलमधले कोकनीही मूळचे नाहीत, माणसानेच आणलेले, हे त्यांनी त्यावर पुस्ती म्हणून जोडलं.

ऑगस्टच्या शेवटी थवे दाट होतात. प्रौढ मासे ओढ्यांच्या मुखाकडे सरकायला लागतात, पडद्यावरचा ढग जाड आणि काळा होतो. जिगिंगला याहून सोपा काळ नाही, आणि मला तो फारसा आवडत नाही. इतक्या गर्दीत गळ वर उचलला की कोणाच्या तरी पाठीत, पोटात रुततो. जाणूनबुजून असे मासे ओढणं हा गुन्हा आहे, पण न ठरवताही होतं. तोंडाबाहेर रुतलेला मासा आम्ही जाळीतच सोडवून परत देतो. सप्टेंबरात तर आम्ही काठ्या घेऊनच जात नाही. ओढ्याच्या काठाने नुसतं चालतो. नराला कुबड येतं, जबडा आकड्यासारखा वळतो, अंग कुंकवासारखं आणि डोकं शेवाळी. पाणी घोट्याएवढं, त्यात पाठी उघड्या पडलेल्या. या ओढ्यांत बुल ट्राउटही असतो, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. शेजारी तो दिसला की टोपी काढतात. थट्टेने काढतात की खरोखर, हे मी विचारलेलं नाही.

तो लाल रंग माशाच्या मांसातून येतो. उन्हाळाभर बारीक कवचधारी जीव खाऊन मांसात साठवलेला रंग शेवटी कातडीत आणि अंड्यांत जातो, आत मांस फिकं पडतं. म्हणून खायचा तर जुलैतला. बोटीतच कल्ला कापून रक्त काढून टाकायचं आणि लगेच बर्फात. खवले इतके सुटे की पेडव्यांसारखे हाताला, बाहीला, स्टिअरिंगला चिकटून घरी येतात. पहिल्यांदा मी तो उभा चिरला तेव्हा बायकोने वाकून बघितलं. ती सांगलीची, मासे तिला लग्नानंतर कळले. "अरे, हा मासा आहे की पपई?" नारळाच्या रसात तो टिकला नाही, मऊ मांसाचा चुरा झाला. मग आईने फोनवरून सांगितलं तसं थोड्या पाण्यात, मिरची, तिरफळं आणि कोकम घालून नुसतं हलवून तिकलं केलं. बांगड्याला जे चालतं ते याला चाललं. शेजाऱ्यांना वाटीभर दिलं. वाटी धुऊन परत आली, आत एक तिरफळ होतं. ते चावायचं नाही हे मी सांगायला विसरलो होतो, आणि त्यांनी बहुधा एक चावून मग दुसरं ठेवलं होतं.

गेल्या डिसेंबरात घरी गेलो तेव्हा काठी, रीळ आणि दोन जिग बरोबर नेले. तात्या, म्हणजे माझे चुलते, आता ऐंशीच्या घरात. त्यांनी आयुष्यभर काठी वापरली नाही. नुसती गरी, शिसं, सुंगटाचा तुकडा, आणि दोरी तर्जनीवरून घेतलेली. त्या बोटाच्या मधल्या पेरावर खाच आहे, दोरी बसावी एवढी. लहानपणी मी घाई केली की ते म्हणायचे, "वडू नको रे, खावंदे तेका." ते वाक्य मला ओडेलवर का आठवलं नाही, कोण जाणे.

कोळंबच्या खाडीवर आम्ही दोघे बसलो. भरती नुकती लागली होती. तात्यांनी जिग हातात घेऊन उलटसुलट केला, उन्हात धरला, चष्म्याजवळ नेला. "आमिष खंय?" म्हणाले. मी म्हटलं, हेच आमिष. ते हसले नाहीत, पण तुकडा माझ्या हातात देताना जरा जपून दिला.

मी सोडला. फूटभर वर, सावकाश खाली. गढूळ पाण्यात पान पडतंय की दगड, दिसायचा प्रश्नच नव्हता. चौथ्या-पाचव्या वेळी दोरी ताणली, काठीचं टोक पाण्याकडे ओढलं गेलं, आणि मी उभा राहिलो. "तात्या, तांबोशी!" रीळ करकरलं. पुलावरची दोन पोरं धावत आली.

तात्यांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला, माझ्या ताणलेल्या दोरीवर तर्जनी टेकवली, क्षणभर ठेवली आणि काढून घेतली.

"खडप," ते म्हणाले.